एकशे बारा नळ आणि तिसरा निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या शिक्षणसंस्थेचे आदरणीय अध्यक्षसाहेब. हातातली कामं बाजूला ठेवून आवर्जून आलेल्या प्रमुख पाहुण्या, पाणीपुरवठा विभागाच्या निवृत्त अभियंता मॅडम. व्यासपीठावरचे संस्थेचे सर्व सन्माननीय सदस्य. माझे शिक्षक सहकारी, कार्यालयातली मंडळी, पालक. मागच्या रांगांत शांत बसण्याचा मनापासून प्रयत्न करणारे माझे विद्यार्थी. पहिल्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या काकू. आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत, ज्यांना एवढी मऊ खुर्ची दिली तरी तिच्या कडेला चार बोटं जागेवर जे टेकले आहेत, ते आपले पानाकाका. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी मघाशी सांगितलं की हा पानाकाकांचा निरोप समारंभ आहे. त्यात एक शब्द राहिला. हा तिसरा निरोप समारंभ आहे.

हसा, हसा. मीही सकाळी आरशासमोर भाषणाची तयारी करताना हसले. माझी लेक म्हणाली, "आई, मागच्या वर्षीचंच वाच ना. काका तेच, शाळा तीच, तूही तीच." तिचं म्हणणं तसं बरोबर आहे. मी मागच्या वर्षीचं भाषण काढून पाहिलं. त्यात 'अविरत', 'निष्ठा' आणि 'आधारस्तंभ' हे शब्द होते. आधारस्तंभ म्हणताना आपण काय म्हणतो आहोत याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. खांबाला कुठे जाता येतं का?

नव्या पालकांसाठी थोडं सांगते. काकांच्या खिशात सदैव एक पाना असतो, म्हणून मुलांनी त्यांना पानाकाका केलं. एकतीस वर्षं या इमारतीचं पाणी त्यांच्या हातात आहे. इमारत म्हणायचं, पण या तीन इमारती आहेत, तीन वेगवेगळ्या वेळी, तीन ठेकेदारांनी बांधलेल्या. प्रत्येकाने आधीच्याचे पाइप बघितले, मान हलवली आणि आपले नवीन त्याला जोडून दिले. नकाशा कुणीच ठेवला नाही. जुन्या इमारतीचं सगळं पाणी बंद करणारा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे माहीत आहे का? अध्यक्षसाहेबांच्या खुर्चीखाली. साहेब, उठू नका, फळ्या पक्क्या आहेत. व्हॉल्व्ह आधीपासून तिथे होता, सभागृह नंतर झालं. कुणीतरी विचारलं असेल, याचं काय करायचं? आणि कुणीतरी सांगितलं असेल, राहू दे, पानाकाकांना माहीत आहे.

हे वाक्य आमच्या शाळेत घंटेपेक्षा जास्त वेळा वाजतं. पानाकाकांना माहीत आहे. तिसऱ्या मजल्याची टाकी का गळते? पानाकाकांना माहीत आहे. मुलींच्या स्वच्छतागृहात दुपारी दोननंतर पाणी का चढत नाही? पानाकाकांना माहीत आहे. आम्ही शिकलेली माणसं, वर्गात मुलांना 'लिहून घ्या, लिहून घ्या' म्हणून घसा कोरडा करतो. या एका गोष्टीत मात्र एकतीस वर्षांत कुणी एक ओळ लिहून घेतली नाही.

पहिला निरोप दोन वर्षांपूर्वी झाला. काकूंनी घर आवरलं, सामान लेकीच्या गावी पाठवून दिलं. आम्ही भाषणं केली, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. त्याच सकाळी प्रयोगशाळेच्या छतातून पाणी यायला लागलं. मी तेव्हा नुकतीच प्रभारी मुख्याध्यापिका झाले होते. भिंतीवरून पाणी उतरतंय, खाली विजेची बटणं आहेत, मुलं बाहेर काढलीत आणि कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा ते एकालाही ठाऊक नाही. मी काकांना फोन लावला.

"काका, गाडीत बसलात का?"

"बसलोय बाई."

"गाडी सुटली का?"

"नाही अजून. पाच मिनिटं आहेत."

"मग उतरा."

विनंती नाही, कृपया नाही. मग उतरा. काका उतरले. काकू गाडीतच राहिल्या, कारण सामान पुढे गेलं होतं आणि लेक न्यायला येणार होती. "दोन दिवसांत येतो" असं ते खिडकीतून म्हणाले. त्या दोन दिवसांचं वर्ष झालं. पंपाच्या खोलीशेजारी जी सामानाची खोली आहे, तिथे आम्ही त्यांना एक खाट टाकून दिली आणि आपण किती माणुसकीने वागलो याचं मला समाधानही वाटलं.

दुसरा निरोप मागच्या वर्षी. या वेळी आम्ही शहाणे झालो होतो, ठेकेदार नेमला होता. त्याची माणसं चकचकीत पेट्या घेऊन आली. मुलींच्या मजल्यावरचा एक नळ बदलायचा म्हणून त्यांनी एक व्हॉल्व्ह फिरवला आणि दोन मजल्यांचं पाणी गेलं. परत सुरू करायला गेले तर तो मधेच अडकला. वर्षानुवर्षं न हलवलेला व्हॉल्व्ह असाच वागतो, हे मला आता कळतं. तीन दिवस मुलींचं स्वच्छतागृह बंद होतं. मुलींनी काय केलं असेल? त्यांनी पाणी प्यायचंच सोडलं. चौथ्या दिवशी सातवीतली एक मुलगी प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. तिची आई मला म्हणाली, "बाई, शाळेत एवढंही नाही का?" मी त्याच दुपारी काकांना परत बोलावण्याचं पत्र लिहिलं. जेमतेम आठ दिवस लेकीकडे राहून ते परत आले.

त्या पत्राबद्दल मला पश्चात्ताप आहे का? प्रामाणिकपणे सांगते, त्या मुलीकडे बघितलं तर नाही. काकूंकडे बघितलं तर आहे. माणूस असाच कोंडला जातो. एका दाराशी जावं तर ते बरोबर वाटतं, दुसऱ्याशी जावं तर तेही बरोबर वाटतं, आणि आपण मधल्या जागेत उभे. मला ही जागा ओळखीची आहे. 'प्रभारी' हा शब्द माझ्या पाटीवर दोन वर्षं आहे. 'बाई, नवीन मुख्याध्यापक मिळेपर्यंत तेवढं बघा,' असं याच व्यासपीठावरून जाहीर झालं होतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मला नाही म्हणायचं होतं. पण टाळ्या चालू असताना नाही कसं म्हणतात, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

वार्षिक परीक्षेच्या आधी काकू माझ्या कार्यालयात आल्या. न सांगता, एकट्या, पाच तासांचा प्रवास करून. पिशवी अशीच मांडीवर. मी म्हटलं, "काकू, चहा सांगते."

"नको. चहाला पाणी लागतं. पाणी सोडलं की तुमचं काहीतरी फुटतं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, शाळेत नळ किती?"

"एकशे बारा."

"मला नवरा एक आहे."

काकू, हे सगळ्यांसमोर सांगितल्याबद्दल रागावू नका. मी तेव्हा स्वतःचा बचाव केला. म्हटलं, "मी त्यांना डांबून ठेवलेलं नाही. ते स्वतःहून राहतात." त्या म्हणाल्या, "ते मला माहीत आहे. तुम्ही बोलावता, त्यांना नाही म्हणता येत नाही. ते येतात, तुम्हाला जा म्हणता येत नाही. दोघंही चांगली माणसं. पण लेकीने आमच्या खोलीत दोन खाटा घातल्यात, आणि एकीवर मी दोन वर्षं घड्या घातलेले कपडे ठेवते."

त्या गेल्यावर मी पन्नास पानी वही घेतली आणि पंपाच्या खोलीकडे गेले. म्हटलं, "काका, मला सगळं सांगा. मी लिहून घेते."

तुम्हाला वाटेल ते खूश झाले असतील. छे! त्यांनी पाना पुसला, परत पुसला. म्हणाले, "बाई, हे लिहिण्यासारखं नाही. हाताला कळतं." पुढचे तीन शनिवार त्यांना नेमकं दुसरं काम निघालं. चौथ्या शनिवारी मी पायरीवर बसून राहिले. शेवटी तेच शेजारी येऊन बसले.

"बाई, मी सगळं सांगितलं, की मग फोन कशाला कराल?"

"नाहीच करणार. त्यासाठीच तर."

"तेच म्हणतो मी. सगळ्यांना वाटतं शाळा मला सोडत नाही. फोन वाजला की मला बरं वाटायचं. गाडीतून उतरलो ना त्या दिवशी, हिला टाटा करताना वाईट वाटत होतं. शाळेचं फाटक दिसलं आणि पाय हलके झाले. हे तिला सांगू नका."

काका, मी सांगितलं. आत्ताच. माफ करा. पण काकूंच्या चेहऱ्याकडे बघा, त्यांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मग आम्ही सुरुवात केली. दर शनिवारी, शाळा सुटल्यावर, काका, मी, आमच्या सफाईच्या मावशी आणि चित्रकलेचे सर. सर नकाशा काढणार, मी लिहिणार, मावशी व्हॉल्व्ह फिरवणार. पण काकांची खाणाखुणा सांगायची तऱ्हा तुम्हाला माहीत नाही. "ग्रंथपाल बाई बसायच्या तिथून चार फरशा." कोणत्या ग्रंथपाल बाई? बावीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या! "दहावीच्या पोरांनी दार मोडलं होतं, त्या दाराच्या मागे." ते दारच आता नाही, तिथे भिंत आहे. आम्ही जुने वर्गफोटो काढून खुर्च्या, कपाटं, दारं शोधली. इमारतीच्या आत दुसरी एक इमारत होती, ती फक्त या माणसाला दिसत होती. तिच्यात तो एकटाच राहत होता.

त्या शनिवारांनी मला जे शिकवलं ते अभियंता मॅडमना फार साधं वाटेल. महिन्यातून एकदा प्रत्येक व्हॉल्व्ह थोडा बंद करून परत उघडायचा, म्हणजे गरजेच्या दिवशी तो हटून बसत नाही. नळ टपकायला लागायची वाट न पाहता आतलं वायसर आधीच बदलायचं. भिंतीवर ओल दिसली की तिच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख घालायची, पुढच्या आठवड्यात ओल रेघेबाहेर गेली तर भिंत फोडायला उशीर करायचा नाही. गच्चीवरच्या जाळ्या पावसाच्या आधी साफ करायच्या, पावसात नाही. लांब सुट्टीनंतर मुलं यायच्या आदल्या दिवशी सगळे नळ सोडून साठलेलं पाणी वाहून जाऊ द्यायचं. चित्रकलेच्या तासानंतर रंगाचं आणि मातीचं पाणी बेसिनमध्ये न ओतता बादलीत ओतायचं. हा नियम मान्य करताना चित्रकलेच्या सरांचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण सात वर्षं तो पाइप तेच तुंबवत होते. आणि प्रत्येक मजल्यावर एक वही टांगायची, तिच्यात तक्रार लिहायला पहिलीतल्या मुलालाही परवानगी. परवा एकाने लिहिलंय, "नळ रडतो." मावशींनी वाचलं, वायसर बदललं, खाली तारीख टाकली.

मागच्या महिन्यात आम्ही परीक्षा घेतली. काकांची नव्हे, आमची. वरच्या मजल्यावर फ्लशची टाकी भरून वाहायला लागली, खरीखुरी. मी काकांना माझ्या कार्यालयात बसवलं आणि म्हटलं, "उठायचं नाही." मावशी आणि सर वर गेले. काकांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. विमानात पहिल्यांदा बसलेला माणूस धरतो तसे. डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "उलटं फिरवतायत."

"कशावरून?"

"आवाजावरून."

"जाऊन सांगू का?"

त्यांच्या कपाळावर घाम होता. मग म्हणाले, "नको. कळेल त्यांना."

काकांना दोन मिनिटं लागली असती. मावशींना वीस लागली. त्या भिजून खाली आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "झालं! आधी उलटं फिरवत होतो हो!" काकांनी खुर्चीचे हात सोडले आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत बसले. मी त्यांना एकटं सोडून बाहेर गेले. काही वेळा तेवढंच करता येतं.

आता एक अवघड गोष्ट. अध्यक्षसाहेब, आपल्यासमोर फुलदाणीला टेकवून एक पांढरं पाकीट ठेवलं आहे. कार्यक्रमपत्रिकेत शेवटी लिहिलंय, 'अध्यक्षांकडून आनंदाची घोषणा.' मंडळी, त्यात काय आहे ते मला माहीत आहे, कारण तो मजकूर मी लिहिला आहे. काकांना आणखी सहा महिन्यांची मुदतवाढ. तीन महिन्यांपूर्वी मीच शिफारस केली होती. वही अर्धी होती, मला भीती वाटत होती. नंतर वही पूर्ण झाली, आणि शिफारस मागे घ्यायला मी तीन वेळा आपल्या दारापर्यंत येऊन परत गेले. कारण त्या वहीवर हात ठेवल्यावर मला एक गोष्ट लख्ख दिसली होती. काका गेले की हे सगळं जिला माहीत आहे अशी पहिली बाई मीच. पुढचे फोन मला येणार. पुढचं 'मग उतरा' मला.

पण आपण ती घोषणा कराल, सभागृह टाळ्या वाजवेल, आणि काका काय करतील? उभे राहतील, हात जोडतील. काकू पिशवीतली तिकिटं पिशवीतच ठेवतील. एवढ्या टाळ्यांतून कुणी बाहेर पडू शकतं का? म्हणून साहेब, आधीच विनंती करते. माझी शिफारस मी इथे, सर्वांसमोर, मागे घेते. ती वही कार्यालयात नाही, माझ्या कपाटात नाही; तिच्या चार प्रती चार जणांकडे आहेत, आणि त्यातली एकही मी माझ्याकडे ठेवलेली नाही. ते पाकीट कृपया—

एक क्षण. ऐकू येतंय ना सगळ्यांना?

खिडकीबाहेर पडतंय ते पाणी आहे. गच्चीवरची टाकी भरून वाहते आहे. पंप कुणीतरी चालू ठेवून इथे भाषण ऐकायला येऊन बसलंय. काका, बसा.

काका, बसा म्हणते मी.

मावशी उठल्या आहेत. जा मावशी. पंपाच्या खोलीची किल्ली? कार्यालयात, खिळ्याला. नाही? मग चित्रकलेच्या सरांकडे बघा. सर, तुमच्याकडे? घरी? बरं. मावशी, तुम्ही जा, काहीतरी कराल तुम्ही.

मंडळी, आपण जरा थांबू. हा आवाज ऐकत नुसतं बसणं किती कठीण आहे ते बघा. पाणी वाया जातंय, आणि ते दोन मिनिटांत थांबवू शकेल असा माणूस चार पावलांवर बसलाय. त्याचा हात खिशात गेलाय. मला त्यांना उठवायचा मोह होतो आहे, तुम्हालाही होत असेल. दोन वर्षं आपण हेच केलं.

धन्यवाद, साहेब. अध्यक्षसाहेबांनी पाकीट उचलून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, हे मागच्यांना दिसलं नसेल म्हणून सांगते. टाळ्या नकोत. आज टाळ्या नकोत.

पाच वाजून गेलेत, साडेपाचची गाडी आहे आणि रिक्षा फाटकाशी उभी आहे. तेव्हा आवरतं घेते. प्रमुख पाहुण्यांचे आभार, त्यांनी आमचे नकाशे तपासले आणि लाल शाई फार वापरली नाही. संस्थेचे आभार. या शनिवारांना आपली सुट्टी देणाऱ्या मावशींचे आणि सरांचे आभार. काकू, तुमचे आभार मानायला माझं तोंड नाही, म्हणून मानत नाही. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, जे सांगायला नको होतं ते सांगितलं गेलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. यापुढे या शाळेत आमच्या हातून पुष्कळ पाणी सांडणार आहे. त्याचीही माफी आजच मागून ठेवते.

पाणी अजून पडतंय. पडू दे.

काकू, त्यांचा हात धरा. काका, खिडकीकडे बघू नका. पायऱ्या बघून उतरा.

नमस्कार.